अंगण खरंच वाकडं निघालं

कमरेत उसण भरायला मोठं कारण लागत नाही. मी खाली वाकून पुस्तकांचा गठ्ठा उचलला, अर्धवट वर आले आणि तिथेच थांबले, म्हणजे थांबावंच लागलं, ना धड वर जाता येईना ना खाली. चार दिवस भिंती धरून चालले, पाचव्या दिवशी एक्सरे काढला. रिपोर्टमध्ये तीन ओळींत सगळं नॉर्मल असल्याचं लिहिलं होतं आणि चौथ्या ओळीत जाता जाता एक वाक्य टाकलेलं होतं, की उजव्या बाजूच्या कमरेच्या हाडाचा वरचा काठ डाव्यापेक्षा ७ मिलिमीटर वर दिसतो. लिहिणाऱ्यानं ते वाक्य लिहून पुढच्या पेशंटची फिल्म हातात घेतली असणार. मी मात्र त्या चौथ्या ओळीत वर्षभर मुक्काम ठोकला.

सात मिलिमीटर म्हणजे साधारण शिसपेन्सिलीची जाडी. उसण आठवड्याभरात बरीच उतरली, पेन्सिल राहिली.

एकदा कोणी सांगितलं की मग दिसायलाच लागतं. आरशासमोर गेले की आधी नजर कमरेवर. पँटचा उजवा काठ वर चढलेला. फोटोत तर फारच, कारण आरशातल्या स्वतःला आपण सरावलेलो असतो, फोटोत डावं-उजवं पालटतं आणि रोजचाच तिरपेपणा एकदम परक्या बाजूला जाऊन बसतो. चपला उलट्या करून झीज तपासली, डावी टाच बाहेरून जास्त घासलेली. शाळेतल्या ग्रुप फोटोपर्यंत मागे गेले, तिथेही मी एका अंगावर कललेली, बाकीच्याही निम्म्या कललेल्या होत्या पण त्या मला तेव्हा दिसल्या नाहीत. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तू पहिल्यापासून एका पायावरच उभी राहतेस, बगळ्यासारखी. मला वाटायचं स्टाईल आहे."

पहिल्या फिजिओथेरपिस्टनं मला पाठमोरं उभं केलं, माझ्या मागे स्टुलावर बसला आणि कमरेच्या खाली दोन्ही बाजूंना ज्या खळ्या पडतात ना, त्यांच्या आसपास दोन अंगठे रोवले. मग डोळे अंगठ्यांच्या पातळीवर आणले आणि बराच वेळ गप्प. भिंतीवर फ्रेम सरळ लागलीय का बघताना माणूस जसा गप्प होतो तसा. "मॅडम, तुमची उजवी बाजू वर आहे. डावा पाय आखूड पडतोय. सहा मिलिमीटरचं हील पॅड घालू." घातलं. तीन आठवड्यांत डावा गुडघा, ज्यानं आजवर एका शब्दानं तक्रार केली नव्हती, तो बोलायला लागला.

दुसऱ्या थेरपिस्ट बाई होत्या. त्यांनीही तसेच अंगठे ठेवले आणि म्हणाल्या, "उजवी वर कोणी सांगितली? डावी वर आहे, आणि डावं हाड पुढच्या बाजूला फिरलंय." मला कुशीवर वळवलं, गुडघा पोटाशी, खांदा मागे, एक हलका झटका आणि आतून स्पष्ट "कट्". "बसलं बघा जागेवर." आणि खरंच तीन दिवस इतकं मोकळं वाटलं की मी चार जणींना त्यांचा नंबर दिला. चौथ्या दिवशी पुन्हा जैसे थे. तिसऱ्याला दोन्ही बाजू ठीक वाटल्या पण मधलं हाड पिळवटलेलं वाटलं. एव्हाना मी स्वतःबद्दल एखाद्या वाकड्या कपाटाबद्दल बोलावं तसं बोलायला लागले होते, की दार लागत नाही, बिजागरी सैल आहे, सुताराला दाखवलंय वगैरे.

यातलं कोणीही मला फसवत नव्हतं हे मुद्दाम सांगते. तिघेही मन लावून बघत होते. तिघांचे अंगठे तीन वेगळ्या गोष्टी सांगत होते, एवढंच, आणि ही "एवढंच"ची भानगड मला पुढे माझ्या मैत्रिणीनं दाखवली.

ती शरीररचनाशास्त्र शिकवते. फोनवर माझं रडगाणं ऐकून म्हणाली, "अगं, तू येच एकदा. तुला तुझी कंबर दाखवते." सुट्टीचा दिवस होता, डिपार्टमेंटमध्ये कोणी नव्हतं. तिनं कपाटातून एक खोका काढला, त्यातून दोन मोठी हाडं, जुन्या कागदासारखी पिवळसर, कडेला शाईनं बारीक नंबर टाकलेली. कमरेचं हाड हातात घेतलंय का कधी? वरती पसरट पंखासारखं, मध्येच पिळून खाली कडीसारखं झालेलं, मधोमध मांडीच्या हाडाचा गोळा बसायची वाटी. पंख्याचं पातं म्हणावं तर नाही, कान म्हणावा तर नाही. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनाही हे कशासारखं म्हणावं ते सुचेना म्हणून त्यांनी लॅटिनमध्ये त्याचं नावच "बिननावाचं हाड" ठेवलं, हे मला फार आवडलं. खरं म्हणजे ते एक हाड नसतंच. लहानपणी तीन असतात, ती वाटीच्या तळाशी कुर्चेनं जोडलेली असतात आणि वयात येता येता एकजीव होतात, वरचा काठ तर विशीतच कुठेतरी पक्का होतो. मागे पाच मणके जुळून झालेलं त्रिकास्थी, त्याखाली माकडहाड. दोन बिननावाची हाडं मागे त्रिकास्थीला आणि पुढे एकमेकांना भेटतात तेव्हा ते भांडं पुरं होतं, ज्याला कटीर म्हणतात. पेल्व्हिस या लॅटिन शब्दाचा अर्थही भांडं, पसरट कुंडं.

"एकाच माणसाची आहेत?" मी विचारलं.

"एकाच. नंबर बघ."

तिनं ती दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. डावं शांत बसलं. उजवं टकटक हललं, चार पायांच्या स्टुलाचा एक पाय आखूड असावा तसं. मग मी दिसेल ते बघत गेले. एकाचा पंख जरा जास्त उघडा. एकाची वाटी किंचित पुढे बघणारी. मागच्या बाजूला, जिथे त्रिकास्थीशी सांधा होतो, तिथे कानाच्या पाळीच्या आकाराचा खडबडीत पट्टा असतो, तो एका बाजूला आखूड आणि जाड, दुसऱ्या बाजूला लांबुडका, आणि त्यावरचे उंचवटे-खळगे तर अजिबात एकमेकांसारखे नाहीत. शेजारच्या स्टँडवर प्लॅस्टिकचा सांगाडा लटकत होता, त्याची कंबर मात्र दोन्हीकडून अगदी सारखी, घोटीव.

"आता तुझा फिजिओ अंगठा कुठे ठेवतो ते दाखव." मी मागच्या टोकावर ठेवला. "आणि पुढचं टोक इथे, कमरेवर हात ठेवल्यावर बोटाला लागतं ते. या दोन्हींतून एक रेघ ओढायची, ती जमिनीला किती तिरपी यावरून ठरवायचं की कंबर पुढे झुकलीय, मागे झुकलीय, फिरलीय. बरोबर? आता दुसऱ्या हाडावर कर."

तिनं दोन्ही हाडांच्या वाट्या आणि पुढचे सांधे एका पातळीला आणून मातीच्या गोळ्यांवर टेकवले होते, म्हणजे "फिरलंय" असं म्हणायला वावच नव्हता. तरी एका बाजूची रेघ स्पष्टपणे जास्त तिरपी होती. हाड फिरलेलं नव्हतं. टोकंच वेगळ्या जागी उगवली होती.

मग तिनं लॅपटॉपवर २००८ सालचा एक अभ्यास उघडून दिला. ३० मृतदेहांचे कटीर घेतले, प्रत्येक कटीर एकाच ठरावीक स्थितीत पक्का बसवला आणि हीच रेघ मोजली. आता स्थिती सारखी असल्यावर आकडाही साधारण सारखा यावा की नाही? तो ० पासून २३ अंशांपर्यंत कुठेही आला, सरासरी १३. आणि एकाच माणसाच्या दोन बाजूंमध्ये फरक किती, तर ११ अंशांपर्यंत. हाडांच्या उंचीत फरक १६ मिलिमीटरपर्यंत. मी माझी पेन्सिल आठवली. दोन पेन्सिली एकावर एक ठेवा, वर थोडं, तेवढा फरक त्या ३० जणांत कोणाच्या तरी अंगात होता आणि हाडं घट्ट धरून ठेवलेली असताना होता, तिथे ना स्नायू ओढत होते ना कोणी वाकडं बसत होतं.

म्हणजे गंमत बघा. मोजणाऱ्याचे अंगठे थरथरले तर चूक होणार हे कोणालाही कळतं. वर कातडी आहे, चरबी आहे, खाली टोक म्हणतात ते टोक नसून चांगलं बोराएवढं टेंगूळ आहे, त्यावर अंगठा नेमका कुठे टेकवला यातच पाचसहा मिलिमीटर इकडे तिकडे. पण समजा अंगठे देवाचे आहेत, एक केसभर चुकत नाहीत, तरी त्यांना सापडणार काय? भिंतीत दोन खुंट्या खालीवर ठोकलेल्या असल्या आणि त्यांवर दोरी बांधली तर दोरी तिरपी दिसणारच. त्यावरून भिंत कलली असं आपण म्हणत नाही. माझ्या बाबतीत तिघांनी दोरी बघून भिंतीचं निदान केलं होतं आणि मी भिंत सरळ करायला वर्षभर पैसे मोजत होते.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण बहाणे सांगणाऱ्याला म्हणतो. इथे अंगण खरंच वाकडं निघालं. आणि नाचणारीचं त्यानं चाळीस वर्षांत काही अडलं नव्हतं.

पण मग ते "कट्" काय होतं? हा प्रश्न मी तिला जरा चिडूनच विचारला, कारण तीन दिवसांचा आराम खोटा नव्हता. तर त्रिकास्थी आणि कमरेचं हाड यांच्यातला सांधा हलतो, पण किती हलतो? १९८९ साली स्वीडनमध्ये स्टुरेसन नावाच्या संशोधकानं २५ पेशंटांच्या हाडांत टँटलम धातूचे बारीक मणी बसवून दोन कोनांतून एक्सरे घेऊन हे मोजलं. सरासरी अडीच अंश फिरणं आणि एक मिलिमीटरसुद्धा नाही एवढं सरकणं. मग १९९८ साली तीच मण्यांची पद्धत वापरून दुसऱ्या एका गटानं १० पेशंटांवर बघितलं की झटका देऊन "जागेवर बसवल्यावर" हाड नेमकं कुठे जातं. हातानं तपासणाऱ्यांना आधी जे वाकडं लागलं होतं ते झटक्यानंतर बरंचसं सरळ लागलं. मण्यांनी मात्र सांगितलं की दहापैकी एकाचंही हाड हललेलं नाही.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. तपासणाऱ्याच्या हाताला फरक जाणवला, पेशंटला बरं वाटलं, आवाजही आला, आणि हाड होतं तिथेच. म्हणजे काहीतरी सैलावलं असणार, स्नायू असतील, आखडून धरलेली भीती असेल, मला तर वाटतं कोणीतरी आत्मविश्वासानं "बसलं बघा" म्हणणं यातच अर्धा आराम असतो. पण ती बिजागरीची दुरुस्ती नव्हती. कपाटाची भाषाच चुकीची होती.

आता माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. शरीर दोन्हीकडून सारखं असायला हवं हे मला वाटत होतं ते कुठून आलं? आतून तर आपण कुठे सारखे आहोत. हृदय डावीकडे कललेलं, यकृत उजवीकडे, उजव्या फुप्फुसाचे तीन भाग आणि डाव्याचे दोन, उजवं मूत्रपिंड जरा खाली. हे आपोआप होत नाही, ठरवून होतं. गर्भ अगदी सुरुवातीला असतो तेव्हा त्यात एका खळग्यात सूक्ष्म केसांसारखे तंतू गोल गोल फिरतात आणि त्यातला द्रव डावीकडे वाहवतात, त्या प्रवाहावरून डावं कुठलं हे ठरतं. जपानमध्ये १९९८ साली उंदरांच्या गर्भात हे दाखवलं गेलं. साधारण दहा हजारांत एका माणसाचं सगळं उलटं असतं, हृदय उजवीकडे आणि यकृत डावीकडे, आणि पुष्कळदा त्याला ते दुसऱ्याच कशासाठी तरी काढलेल्या एक्सरेत कळतं.

पण मला त्याहून भारी वाटली ती दुसरी गोष्ट. पाठीचा कणा ज्या ठोकळ्यांतून तयार होतो, ते ठोकळे गर्भात डावी-उजवीकडे जोडीनं, एका तालात पडत जातात. मला वाटायचं की यात काय विशेष, सारखं होणं ही तर साधी गोष्ट, वाकडं व्हायलाच काहीतरी बिघडावं लागतं. नाही. शेजारीच तो डावं-उजवं ठरवण्याचा गोंधळ चालू असतो आणि त्याची झळ या ठोकळ्यांना लागू नये म्हणून शरीर अ जीवनसत्त्वापासून बनवलेलं एक आम्ल वापरून त्यांना मुद्दाम तालात ठेवतं. २००५ साली हे आम्ल बनू न देता गर्भ वाढवून बघितले तर ठोकळ्यांची एक बाजू मागे पडली. म्हणजे सारखेपणा फुकट मिळत नाही, तो सांभाळावा लागतो, आणि सांभाळलेली कुठलीही गोष्ट शंभर टक्के जमत नाही हे घर चालवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. त्यात कटीराची तर आणखी वेगळी अडचण. मधलं त्रिकास्थी या ठोकळ्यांतून येतं आणि दोन्ही बाजूंची हाडं मुख्यतः गर्भाच्या बाजूच्या वेगळ्या थरातून. दोन वेगळ्या घरची माणसं येऊन एक भांडं घडवणार, मध्ये थोडा पोक राहायचाच. काहींचा तर कमरेचा शेवटचा मणका एकाच बाजूनं त्रिकास्थीला चिकटलेला असतो, दुसऱ्या बाजूनं मोकळा. अशा मणक्यांच्या १९८४ सालच्या वर्गीकरणात एका बाजूचा आणि दोन्ही बाजूंचा असे वेगळे प्रकारच दिलेले आहेत, इतकी ही गोष्ट नेहमीची.

मग जन्मानंतरचं. हाडावर भार पडेल तसं हाड घडत जातं, हे बर्लिनच्या युलियस वोल्फनं १८९२ सालीच मांडलं होतं. आपण भार सारखा टाकतो का? बहुतेकांचा उजवा हात कामाचा. उजव्या हातानं काही फेकताना, उचलताना रोवला जातो तो बऱ्याचदा डावा पाय. २००६ सालच्या एका अभ्यासात ७८० जुन्या सांगाड्यांची हाडं मोजली होती, त्यात हातांची हाडं स्पष्ट उजवीकडे झुकलेली निघाली, उजवी लांब आणि जाड, आणि पायांत फरक कमी पण तो किंचित डावीकडे. म्हणजे आपण तिरक्या फुलीसारखे वाढतो आणि त्या फुलीचा मधला छेद जिथे येतो तिथे हे भांडं.

आणि कडेवर घेणं! मराठीत बाळाला कडेवर घेतात, म्हणजे हिशेबानं कमरेच्या हाडाच्या काठावरच. ली साल्क नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली बघितलं की बाळाला जवळ घेताना उजव्या हाताच्या आयांपैकी ८३ टक्के आया डाव्या बाजूला धरतात. आता म्हणाल की सरळ आहे, उजवा हात कामाला मोकळा राहतो. पण डावखुऱ्या आयांमध्येही ७८ टक्के डावीकडेच. मी माझ्या लेकीला अडीच वर्षांची होईपर्यंत डाव्या कडेवर वागवलं, उजव्या कडेवर ती घसरायचीच, म्हणजे मला धरताच यायचं नाही. डावी कंबर बाहेर काढायची, त्यावर तिला बसवायचं, एका हातानं फोन. त्या अडीच वर्षांत हाड बदललं असं मी म्हणत नाही, पण एका अंगावर कलून उभं राहण्याची माझी जी काही सवय आहे ती वाकडेपणा नाही, ते काम होतं.

भाषेनंही यात बाजू घेतलीय. उजवं म्हणजे सरस. हा त्याच्यापेक्षा उजवा आहे म्हणतो आपण. आणि वर पुन्हा, पोरांमध्ये उजवं-डावं करू नये. शरीर पहिल्या काही आठवड्यांपासून उजवं-डावं करत आलेलं आहे आणि त्याला कोणी बोलत नाही.

जीवशास्त्रात या असमानतेचे प्रकार पाडलेत, १९६२ साली व्हॅन व्हेलेन यांनी ते नीट मांडले. एक जी सगळ्यांची एकाच बाजूला असते, हृदयासारखी. आणि एक जी प्रत्येकात थोडीथोडी, कधी या बाजूला कधी त्या बाजूला, वाढता वाढता झालेल्या बारीक धक्क्यांची बेरीज. कमरेत दोन्हींची भेसळ असते. म्हणून "सगळ्यांची उजवी कंबर अशी असते" किंवा "तुझी तशी आहे म्हणजे अमुक झालंय" असलं ठोकून सांगणारा व्हिडिओ दिसला की मी आता पुढे सरकते.

पायांचंही तेच. २००५ साली गॅरी नुटसन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून मांडलं की सुमारे ९० टक्के लोकांच्या दोन पायांच्या लांबीत काही ना काही फरक असतो, सरासरी ५.२ मिलिमीटर, आणि त्यांच्या मते साधारण २० मिलिमीटरपर्यंत बहुतेकांना त्यानं काही होत नाही. ज्या गोष्टीत दहातले नऊ जण आहेत तिला बिघाड कसं म्हणायचं? आणि कंबरदुखीशी संबंध? १९९९ साली पॅमेला लेव्हांजी यांनी कंबर दुखणारे १४४ आणि न दुखणारे १३८ जण घेऊन दोन्हींचे कटीर मोजले. वाकडेपणा दोन्हीकडे होता. दुखण्याशी त्याचा कामाचा म्हणावा असा संबंध सापडला नाही.

याचा अर्थ सगळंच सोडून द्या असा मात्र नाही, आणि इथे मी जरा गंभीर होते. हायडेलबर्गला फ्रान्झ नेगेले नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. बाळंतपणाची तारीख काढायचा जो हिशेब आहे, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवा आणि तीन महिने मागे जा, तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. त्याच माणसानं १८३९ साली एका विशिष्ट कटीरावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात त्रिकास्थीचा एका बाजूचा पंख वाढलेलाच नसतो, त्या बाजूचा सांधा जुळून गेलेला असतो आणि सगळं भांडं तिरकं चेपलेलं. बाहेरून बाई चांगली चालते, फिरते, काही कळत नाही, आणि बाळाचं डोकं वाटेत अडकतं. पोट उघडून बाळ काढणं सुरक्षित होण्याच्या आधीचा तो काळ. तेव्हा वाकडेपणा म्हणजे खरोखर जीव जाणं होतं. आजही फ्रॅक्चर नीट न जुळणं, लहानपणी निसटलेला खुबा, वाढत जाणारा कण्याचा बाक, पायांत दोन सेंटिमीटरच्या वरचा फरक, किंवा काल नव्हतं ते आज अचानक एका बाजूला झुकलं, पायातली ताकद गेली, रात्री झोपेतून उठवणारं दुखतंय, तर डॉक्टरकडे जायलाच हवं. फरक असणं आणि फरक पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मी त्या वर्षभर एकच समजत होते.

त्या दिवशी निघता निघता मी मैत्रिणीला माझा एक्सरे दिला. तिनं तो खिडकीशी धरला. कमरेचा एक्सरे समोरून बघितला की एक मुखवटा दिसतो, वर दोन मोठे कान आणि खाली दोन काळी भोकं, डोळ्यांसारखी. "हे डोळे बघ," ती म्हणाली. एक डोळा गोल होता, दुसरा मिचकावल्यासारखा बारीक. "भोकं सारखी नाहीत आणि माकडहाडाचं टोक मधल्या सांध्याच्या रेषेत नाही. तुला टेबलावर किंचित कुशीवर झोपवलं होतं. त्यात तू दुखण्यानं अंग चोरलं असशील. आणि झोपवून काढलेल्या एक्सरेवरून कुठला पाय आखूड हे कोणी सांगितलं तुला?"

म्हणजे ते सात मिलिमीटर. त्यातले किती हाडाचे, किती टेबलाचे, किती उसणीचे, देव जाणे.

घरी येऊन मी एक हिशेब केला. कमरेची पुढची दोन टोकं एकमेकांपासून साधारण २५ सेंटिमीटरवर. त्यात ७ मिलिमीटरचा फरक म्हणजे तिरपेपणा दीड अंशाच्या आसपास, सगळेच्या सगळे सात खरे धरले तरी. आता चालण्याचं बघा. १९५३ साली साँडर्स, इनमन आणि एबरहार्ट यांनी चालण्याची फोड करून दाखवली, त्यात प्रत्येक पावलाला उचललेल्या पायाच्या बाजूला कंबर सुमारे ५ अंश खाली झुकते आणि शिवाय दोन्हीकडे ४-४ अंश फिरते. झुकली नाही तर आपण लाकडी बाहुल्यांसारखे चालू. दिवसात हजारो वेळा पाच अंश डावीकडे, पाच अंश उजवीकडे डोलणारी वस्तू, ती उभं असताना दीड अंश कलली म्हणून मी बुटात पॅड घालून हिंडत होते. आणि आपण नुसते उभे तरी कुठे सरळ राहतो. शिल्पकारांना हे फार आधी कळलं होतं, ग्रीकांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात एका पायावर भार टाकून कंबर तिरकी केलेले पुतळे घडवले, आपल्याकडच्या त्रिभंग मूर्तींत तर कंबर चांगलीच बाहेर. दगड जिवंत दिसायला लागतो तो तिथेच.

एक गोष्ट मैत्रिणीनं नंतर मेसेजवर पाठवली, ती सांगते. १९७४ साली इथिओपियात सापडलेली ल्युसी, म्हणजे माणसाच्या दूरच्या पूर्वजांपैकी एकीचा अर्धवट सांगाडा, तीस लाखांहून जास्त वर्षांपूर्वीचा. तिचं त्रिकास्थी सापडलं आणि कमरेचं डावं हाड सापडलं, तेही चेपून मोडलेलं. उजवं नाहीच. मग म्युझियममध्ये तिची पूर्ण कंबर दिसते ती कशी? डावं हाड जुळवलं आणि उजव्या जागी त्याचंच आरशातलं रूप बसवलं. दुसरा मार्गच नव्हता. ऑपरेशन करणारेही असंच करतात, एका बाजूचं हाड चुरलं असेल तर सीटी स्कॅनमधली चांगली बाजू कॉम्प्युटरवर उलटी करून तिच्या आकारावर पट्ट्या वाकवतात, आणि काम भागतं. थोडं इकडे तिकडे चालतं म्हणूनच भागतं. पण ल्युसीचं मला राहून राहून वाटतं. ती चालायची तेव्हा तिचीही एक बाजू जराशी वेगळी असणार, तीही पोराला कुठल्यातरी एका कडेवर घेत असणार, आणि नेमकी तेवढीच गोष्ट आपण तिच्यातून पुसून टाकलीय. प्रश्नच नाही, नाइलाज होता. तरी.

माझी कंबर आता दुखत नाही फारशी. रोज चालते, पायांचे आणि पाठीचे साधे व्यायाम करते, गठ्ठे उचलताना घाई करत नाही. यातल्या कशानं बरं वाटलं की नुसतं वर्ष उलटलं म्हणून, ते मला सांगता येणार नाही. अंगठे ठेवून बघायची सवय गेली. पँटचा उजवा काठ अजून वर असतो.

ते हील पॅड टाकून द्यायला जिवावर आलं. लिहायचं टेबल डुगडुगत होतं, त्याच्या मागच्या डाव्या पायाखाली सरकवलं. डुगडुग थांबली. फक्त जरा जास्तच जाड आहे ते, पेन्सिल ठेवली की आता उजवीकडे घरंगळते.